दारावरचा गरुड आणि थैलीतला गरुड

इ.स.पू. ४. हेरोद राजा आता वाचत नाही, अशी बातमी जेरुसलेममध्ये पसरली होती. यहूदा आणि मत्तिया हे तोरा, म्हणजे यहुद्यांचं धर्मशास्त्र, शिकवणारे दोन नावाजलेले गुरुजी, आणि त्यांच्याभोवती तरुण शिष्यांचा मोठा घोळका. हेरोदानं मंदिराच्या मोठ्या दरवाज्यावर सोन्याचा भलामोठा गरुड बसवला होता. हे धर्मशास्त्राविरुद्ध आहे, असं गुरुजींनी शिष्यांना सांगितलं. मग भर दुपारी, आवारात माणसांची वर्दळ असताना, काही पोरं दोरखंडांना धरून छपरावरून खाली उतरली आणि त्यांनी कुऱ्हाडीनं तो गरुड तोडून पाडला. चाळीसेक जण पकडले गेले. मरणपंथाला लागलेल्या हेरोदानं दोन्ही गुरुजींना आणि प्रत्यक्ष कुऱ्हाड चालवणाऱ्यांना जिवंत जाळलं. जोसेफस ह्या इ.स. पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकारानं ही हकिकत लिहून ठेवली आहे.

आता त्याच मंदिरात वल्हांडणाच्या सणाआधीच्या एखाद्या दिवशी जाऊ. सराफांनी मेजं मांडली आहेत. प्रत्येक प्रौढ यहुदी पुरुषानं वर्षाला अर्धा शेकेल मंदिराला द्यायचा, त्यावर रोजच्या बलिदानांचा खर्च चालायचा. हा कर वाटेल त्या नाण्यात चालत नसे, त्याला टायर शहराची चांदी लागे. (मराठी बायबल वाचणाऱ्यांना हे शहर ‘सोर’ म्हणून ठाऊक असेल.) आपल्याजवळची नाणी सराफापुढे ठेवायची, वर त्याचा बट्टा द्यायचा, टायरचं नाणं घ्यायचं आणि ते मंदिराच्या पेटीत टाकायचं. त्या नाण्याच्या एका बाजूला मेलकार्तचा चेहरा. हा टायरचा देव, ग्रीकांच्या हेराक्लिससारखा, डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला. दुसऱ्या बाजूला गरुड.

दारावरच्या गरुडापायी माणसं जळून मेली, आणि आत तिजोरीत गरुडांच्या राशी पडत होत्या. मला ह्या विषयाची गोडी लागली ती ह्या कोड्यामुळेच.

‘यहुद्यांना प्रतिमा निषिद्ध, म्हणून सम्राटाचा चेहरा असलेली नाणी त्यांना सहन होत नसत’ असं एक वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. ते लक्षात ठेवायला सोपं आहे. पण नाणी हातात घेऊन बघितली की ते टिकत नाही. कोणती प्रतिमा, ती कोणी पाडली, कुठे, कोणासाठी आणि तिच्यापुढे काय करायची अपेक्षा होती, एवढं विचारल्याशिवाय त्या काळचं एकही नाणं नीट वाचता येत नाही.

आधी मूळ आज्ञा बघू. दहा आज्ञांपैकी दुसरी, निर्गम ह्या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात येते. कोरीव मूर्ती करू नकोस, आकाशातल्या, पृथ्वीवरच्या किंवा पाण्यातल्या कशाचीही प्रतिमा करू नकोस, त्यांच्या पाया पडू नकोस आणि त्यांची सेवा करू नकोस. इथे दोन गोष्टी लागोपाठ आल्या आहेत: घडवणं आणि पुजणं. घडवणंच पाप, की पुजण्यासाठी घडवणं पाप? ह्या दोन वाचनांमधली ओढाताण यहुदी परंपरेत शतकानुशतकं चालू राहिली. कधी कडक वाचन वर आलं, कधी सैल.

आपल्याकडे मूर्ती म्हटलं की प्राणप्रतिष्ठा, दर्शन, नैवेद्य हे सगळं मनात येतं, त्यामुळे एका अर्थी हा मुद्दा मराठी वाचकाला लवकर कळायला हवा. दुकानातली गणपतीची मूर्ती आणि प्रतिष्ठापना झालेली मूर्ती ह्यांतला फरक आपण न शिकवता जाणतो. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात अनेक घरांत एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, चित्र भिंतीवर असतं. मलिद्याच्या विधीत त्याचं नाव भक्तीनं घेतात. त्या चित्राला मात्र कोणी देव मानत नाही, आणि ते लावल्यानं कोणाचं यहुदीपण कमी होत नाही.

इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ह्या यहुदी नियमग्रंथात एक सुंदर प्रसंग आहे. रब्बान गमलिएल हे मोठे धर्मगुरू आक्को शहरात आफ्रोदिते देवीच्या स्नानगृहात अंघोळ करत होते. तिथे देवीचा पुतळा होता. तुम्ही इथे कसे, असं एका माणसानं विचारलं. त्यांचं उत्तर असं: मी तिच्या हद्दीत आलेलो नाही, ती माझ्या हद्दीत आली आहे. देवीला शोभा म्हणून स्नानगृह बांधलंय असं कोणी म्हणत नाही, स्नानगृहाला शोभा म्हणून देवी ठेवली आहे. म्हणजे वस्तू तीच, पण ती कशासाठी तिथे आहे त्यावर निवाडा. त्याच ग्रंथात बहुमताचा आणखी एक निर्णय आहे. हातात दंड, पक्षी किंवा गोल असलेल्या मूर्तीच निषिद्ध. ही तिन्ही सत्तेची चिन्हं आहेत. माझ्या मते नाण्यांचं कोडं सोडवायला हा निर्णय सगळ्यात उपयोगी आहे.

अर्थात ह्याच्या पलीकडे जाणारी माणसंही होती. तालमूद ह्या नंतरच्या यहुदी ग्रंथात रब्बी मेनाहेम बर सिमाई ह्यांना ‘पवित्रांचा पुत्र’ म्हटलंय, कारण त्यांनी झुझच्या म्हणजे चांदीच्या नाण्यावरच्या चेहऱ्याकडे कधी नजरही टाकली नाही. एस्सीन ह्या यहुदी पंथातले काही जण चित्र असलेलं नाणं जवळसुद्धा बाळगत नसत, असं हिप्पोलितस ह्या ख्रिस्ती लेखकानं लिहिलंय. पण नाण्याकडे न बघितल्याबद्दल एखाद्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या आठवणीत राहतं, ते बाकीचे सगळे बघत असतात म्हणूनच.

आता नाण्यांकडे वळू. सुरुवातच सोप्या वाक्याला धक्का देणारी आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात, पारशी साम्राज्याच्या काळात, जेरुसलेमच्या परिसरात ‘येहूद’ असं प्रांताचं नाव लिहिलेली चांदीची चिमुकली नाणी पाडली जात होती. बरीचशी अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर. त्यांवर चेहरे आहेत, ससाणे आहेत आणि अथेन्सच्या नाण्यांवरून उचललेलं घुबडही आहे, जे अथीना देवीचं चिन्ह. एका नाण्यावर तर ‘योहानान, याजक’ असं लिहिलंय. याजकाचं नाव आणि शेजारी घुबड! ह्याचा अर्थ त्या काळी आज्ञा माहीत नव्हती असा नाही. बाजारात चालणारं नाणं कसं दिसतं, तर अथेन्सच्या नाण्यासारखं, एवढाच त्यात हिशेब दिसतो.

चेहरे गायब झाले ते हस्मोनी घराण्याच्या काळात. ग्रीक वंशाच्या सेल्युकसी राजांनी मंदिर बाटवलं, त्याविरुद्ध बंड करून हे घराणं सत्तेवर आलं होतं. योहान हिर्कानस, अलेक्झांडर यन्नाई ह्यांची तांब्याची नाणी आजही शेकड्यांनी सापडतात, कारण तो रोजचा खुर्दा होता. त्यांवर जहाजाचा नांगर, तारा, कमळासारखं लिलीचं फूल, धान्यफळांनी भरलेलं शिंग, आणि प्राचीन हिब्रू लिपीत राजाचं नाव. चेहरा कुठेच नाही. आजूबाजूचा प्रत्येक लहानमोठा राजा आपला चेहरा मिरवत असताना ह्यांनी तो वगळला. शेजाऱ्यांच्या नाण्यांबरोबर हे नाणं तळहातावर ठेवलं की ती मोकळी जागा ठळक दिसते. गंमत म्हणजे नांगराचं चिन्ह सेल्युकसी राजांचंच. शत्रूचं चिन्ह घेतलं, चेहरा घेतला नाही.

हेरोदानंही जन्मभर स्वतःचा चेहरा नाण्यावर घातला नाही. त्याच्या एका लहान तांब्याच्या नाण्यावर गरुड मात्र आहे. त्याच्या मुलांपैकी अंतिपासच्या गालीलात यहुदी वस्ती दाट, म्हणून त्याच्या नाण्यांवर बोरू आणि खजुराची झावळी. दुसरा मुलगा फिलिप्प ईशान्येकडे राज्य करत होता, जिथे बहुतेक प्रजा बिगरयहुदी. त्यानं ऑगस्टस आणि तिबेरियस सम्राटांचे चेहरे घातले आणि स्वतःचाही. यहुदी राजानं नाण्यावर आपला चेहरा कोरल्याचं हे पहिलं उदाहरण मानतात. भाऊभाऊ, एकाच बापाचे, एकाच धर्माचे. फरक प्रजेत होता.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते हेरोदाचा नातू पहिला अग्रिप्पा ह्याच्या नाण्यांत. जेरुसलेमच्या लोकांसाठी इ.स. ४१-४२ मध्ये त्यानं जे तांब्याचं नाणं पाडलं त्यावर एका बाजूला तीन कणसं आणि दुसऱ्या बाजूला झालर लावलेलं छत्र आहे. राजा दिसत नाही, त्याचं छत्र दिसतं. ‘छत्रपती’ हा शब्द रोज उच्चारणाऱ्या आपल्याला ह्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्याच अग्रिप्पानं कैसरियासारख्या मिश्र वस्तीच्या शहरांत मात्र आपला चेहरा खुशाल नाण्यावर घातला. त्याला ढोंगी म्हणायची घाई करू नये. आपण कोणाशी बोलतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि जेरुसलेमच्या मनाची त्यानं कदर केली.

रोमचे अधिकारीही बहुधा ही कदर करत. इ.स. ६ मध्ये यहुदीया, म्हणजे जेरुसलेमभोवतीची भूमी, थेट रोमच्या ताब्यात गेली. तिथे नेमलेल्या रोमन सुभेदारांनी जो खुर्दा पाडला त्यावर कणीस, खजुराचं झाड, द्राक्षाचं पान अशी चित्रं आणि ग्रीक अक्षरांत सम्राटाचं नाव. चेहरा टाळलेला.

ह्या यादीत पोंतियस पिलात वेगळा उठून दिसतो. इ.स. २९ च्या त्याच्या नाण्यावर सिम्पुलुम आहे, म्हणजे रोमन पुरोहित यज्ञात मद्य ओतायला वापरत ती लांब दांड्याची पळी. पुढच्या दोन वर्षांच्या नाण्यांवर लितुउस, म्हणजे शकुन बघणाऱ्या पुरोहिताचा टोक वळलेला दंड. यहुदीयातल्या रोमन खुर्द्यावर परधर्माच्या पूजेची साधनं पहिल्यांदा आली ती इथे. काही अभ्यासक ह्याला मुद्दाम केलेली डिवचाडिवच म्हणतात. मला ते पटत नाही. ही दोन्ही चिन्हं रोमन नाण्यांवर पूर्वीपासून नेहमीची होती. सम्राट स्वतः पुरोहित असल्याचं ते सांगत. पिलातानं रोमची नेहमीची चित्रं उचलून इथल्या खुर्द्यावर टाकली, आणि पहिल्या नाण्याच्या मागच्या बाजूला बांधलेली तीन कणसं ठेवली, ज्यात कोणाला खटकण्यासारखं काही नाही. खरा पुरावा जोसेफसच्या मौनात आहे. पिलातानं केलेली आगळीक तो हातचं न राखता सांगतो, पण ह्या नाण्यांवरून कोणी आवाज उठवल्याचा शब्दही त्याच्याकडे नाही.

आणि आवाज उठायचा तिथे तो कसा उठायचा, हेही तोच सांगतो. पिलातानं सैन्याची निशाणं रात्रीच्या अंधारात जेरुसलेममध्ये आणली. त्यांवर सम्राटाच्या प्रतिमा होत्या. सकाळी लोकांना कळलं. ते घोळक्यानं कैसरियाला गेले आणि त्याच्या वाड्याभोवती पाच दिवस-रात्र जमिनीवर पडून राहिले. सहाव्या दिवशी पिलातानं त्यांना सैनिकांचा वेढा घातला, तलवारी उपसल्या. लोकांनी माना उघड्या केल्या आणि म्हणाले, मारा, पण नियम मोडू देणार नाही. पिलातानं निशाणं परत नेली. त्या गर्दीतल्या अनेकांच्या कमरेच्या थैलीत चेहऱ्याची नाणी असणार. मग निशाणावरचा चेहरा एवढा का लागला? कारण रोमन सैन्य निशाणांना दैवत मानत असे, त्यांची पूजा करत असे. तो चेहरा पवित्र नगरीत आला होता आणि पूजेसह आला होता. पुढे इ.स. ४० च्या सुमारास कालिगुला सम्राटानं आपला पुतळाच मंदिरात बसवायचा हुकूम काढला, तेव्हा शेतकरी शेतं न पेरता धरणं धरून बसले. कालिगुलाच्या नाण्यांसाठी कोणी पेरणी सोडली नव्हती.

म्हणूनच येशूला विचारलेला कराचा प्रश्न मी वेगळ्या कानानं ऐकतो. मार्कच्या शुभवर्तमानात प्रसंग असा आहे. कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर देणं योग्य की नाही, असं त्याला अडकवायला विचारलं जातं. तो म्हणतो, एक देनारियस आणा. आणल्यावर विचारतो, ही प्रतिमा आणि हा लेख कोणाचा? कैसराचा. तर कैसराचं ते कैसराला द्या आणि देवाचं ते देवाला.

ते नाणं बहुधा तिबेरियसचं होतं, असं परंपरेनं मानतात. चांदीचं, पावणेचार ग्रॅमच्या आसपास, आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात पाडलेलं. पुढे सम्राटाचं डोकं आणि लेख: ‘तिबेरियस कैसर ऑगस्टस, दिव्य ऑगस्टसचा पुत्र’. मागे बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्यात डहाळी, आणि लेख: ‘महापुरोहित’. धर्मनिष्ठ यहुद्याला चेहऱ्यापेक्षा ही अक्षरं जास्त बोचली असती. माणसाचा बाप देव झाला आहे आणि तो स्वतः सगळ्यात मोठा पुरोहित आहे, असा दावा त्यात आहे. येशू ‘प्रतिमा’ आणि ‘लेख’ दोन्ही विचारतो, ते म्हणूनच नेमकं वाटतं. शिवाय प्रतिमेसाठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तोच बायबलातल्या ‘उत्पत्ती’ ह्या ग्रंथाच्या ग्रीक भाषांतरात ‘देवानं माणसाला आपल्या प्रतिमेत घडवलं’ ह्या वाक्यात आहे. ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या कानात ते वाक्य वाजलं असेल.

एक आणखी. देनारियस हे नाणं जेरुसलेममध्ये त्या काळी फार थोडं सापडतं. तिथली चांदी प्रामुख्यानं टायरची. उलट तिबेरियसची हीच देनारियस दक्षिण भारतात घड्यांनी सापडली आहेत, कारण मिरी आणि मोत्यांच्या मोबदल्यात ती इकडे येत. त्यांतल्या काहींवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा मुद्दाम मारलेला घाव दिसतो. संस्कृतातला ‘दीनार’ हा शब्दही ह्याच नाण्याच्या नावावरून आला.

तर टायरचा शेकेल का चालला, ह्याचं उत्तर आता देता येतं. पहिलं कारण अगदी व्यवहारी. त्याचं वजन साधारण १४ ग्रॅम आणि चांदीचा कस ९० टक्क्यांहून जास्त. आसपासच्या दुसऱ्या नाण्यांत भेसळ वाढत गेली, टायरनं कस राखला. देवाला द्यायचं तर खरं द्यायचं, वजनाचं आणि कसाचं, हाही धर्मच. दुसरं कारण, मेलकार्तपुढे कोणी मान झुकवावी अशी ते नाणं देणाऱ्याकडून अपेक्षा नव्हती. ते मोजलं जाई, तोललं जाई, खर्च होई. तिसरं कारण मला सगळ्यात वजनदार वाटतं. यहुदीयावर टायरची सत्ता नव्हती. मेलकार्त तिथे राज्य करत नव्हता. हेरोदाचा गरुड मात्र मंदिराच्या माथ्यावर बसला होता, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर, एका राजानं आपल्या मर्जीनं बसवलेला. रोमच्या सैन्याचा पक्षीही गरुडच.

ही सत्तेची बाजू इ.स. ६६ च्या बंडात उघडी पडली. बंडखोरांनी स्वतःची चांदीची नाणी पाडायला घेतली. सम्राटाचा हक्क समजली जाणारी गोष्ट त्यांनी हातात घेतली. एका बाजूला प्याला आणि ‘इस्राएलचा शेकेल’, दुसऱ्या बाजूला एका देठावर तीन डाळिंबकळ्या आणि ‘जेरुसलेम पवित्र’. टायरच्या नाण्यावर ‘पवित्र टायर’ असायचं, इथे त्या जागी आपलं शहर आलं. ह्या नाण्यांवर बंडाची वर्षं मोजली आहेत, एक ते पाच. पाचव्या वर्षाची फार थोडी मिळतात. इ.स. ७० मध्ये मंदिर जळालं.

रोमचं उत्तरही नाण्यावरच आलं. वेस्पासियन सम्राटानं इ.स. ७१ पासून जी मालिका काढली तिच्यावर खजुराचं झाड आहे, त्याखाली डोकं हातावर टेकून बसलेली स्त्री, आणि अक्षरं ‘यहुदीया जिंकली’. खजूर यहुदीयाचीच ओळख, पूर्वी सुभेदारांच्या खुर्द्यावर निरुपद्रवी म्हणून आलेली. आता तिच्याखाली शोक बसला. आणि मंदिराला जाणारा अर्धा शेकेल बंद झाला नाही. तेवढीच रक्कम रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिरासाठी वसूल होऊ लागली, साम्राज्यातल्या प्रत्येक यहुद्याकडून, बायका-मुलांसकट. कोणत्याही चेहऱ्यापेक्षा हा कर जास्त झोंबला असेल, असं मला वाटतं.

मग इ.स. १३२ मध्ये शिमोन बर कोखबाचं बंड झालं. ह्या बंडखोरांकडे चांदीची खाण नव्हती. त्यांनी बाजारातली रोमन नाणी गोळा केली आणि त्यांवर आपले ठसे मारले. तांब्याची मोठी नाणी तर आधी कानशीनं घासून गुळगुळीत केली. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेला साठा ज्यांनी बघितला असेल त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. क्षत्रप नहपानाच्या चेहऱ्यावर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं मारली, तशी तिथे नऊ हजारांहून जास्त नाणी आहेत. सातकर्णीला चेहऱ्याचं वावडं नव्हतं, त्याला नहपानाचं राज्य पुसायचं होतं. बर कोखबाच्या माणसांना एकाच घावात दोन्ही साधायची होती.

त्यांच्या मोठ्या चांदीच्या नाण्यावर चार खांबांचं मंदिर आहे. तोपर्यंत ते जळून साठ वर्षं उलटली होती. मागे सणाला हातात धरायची खजुराची डहाळी आणि महाळुंगासारखं एत्रोग फळ, भोवती ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी’. ठसा मारणारा घाईत असे, हातोडीचा घाव दर वेळी सारखा बसत नसे. त्यामुळे अनेक नाण्यांवर खालचं चित्र पूर्ण बुजलेलं नाही. नाणं उजेडात तिरपं धरलं की द्राक्षाच्या घोसामागून त्रायान सम्राटाची मान दिसते, कुठे पानांच्या मुकुटाची फीत, कुठे ग्रीक अक्षरांचं अर्धं शेपूट, आणि त्यावर आडवी, प्राचीन हिब्रू वळणाची अक्षरं: शिमोन.